शामिसेनच्या तारा: रेशीम की नायलॉन? या चुका टाळा

शामिसेन या जपानी तीनतारी वाद्याला तिन्ही तारा रेशमी घ्यायच्या की तिन्ही नायलॉनच्या, असा प्रश्न पडला असेल तर पहिली चूक तिथेच झाली. तिन्ही तारांचं काम सारखं नसतं. होन्चोशी, म्हणजे सा-म-सां, या मेळात वरचा सा धरणारी तिसरी तार सर्वांत बारीक असते, आणि सारखी तुटते तीच. म्हणून पहिली-दुसरी रेशमी आणि तिसरी नायलॉनची किंवा टेट्रॉनची, ही जुळणी रियाजासाठी सोयीची. टेट्रॉन म्हणजे पॉलिएस्टर. ते नायलॉनपेक्षा कमी ताणलं जातं आणि आवाजही रेशमाच्या जास्त जवळचा. नागाउताच्या, म्हणजे जपानी काबुकी नाटकाच्या गायकीच्या, कार्यक्रमात तिसरीही रेशमीच हवी, तर आधी नवी चढवा आणि एक जादा तार जवळ ठेवा.

पिवळी दिसली म्हणजे रेशमी, हा समज चुकीचा. रेशमी तारा हळदीनं रंगवायची जपानी रीत आहे खरी, पण कृत्रिम ताराही पिवळ्या मिळतात. कापून उरलेलं टोक जाळून बघा: रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते, नायलॉन-टेट्रॉन वितळून त्याचा कडक मणी होतो.

पाकिटावर १५-३ असं काही लिहिलेलं असतं. पहिला आकडा जाडीचा, दुसरा तार कितवी ते सांगणारा. १५-२ आणि १५-३ सारख्या जाडीच्या नसतात, त्यामुळे नुसता ‘१५’ सांगून तार मागवू नका. त्सुगारूच्या, म्हणजे उत्तर जपानच्या लोकशैलीच्या, जाड दांड्याच्या वाद्याला पहिली तार २५ ते ३० क्रमांकाची लागते. ती नागाउताच्या बारीक दांड्यावर चढवणं म्हणजे कातड्यावर नसता ताण.

तार तुटली की दोष लगेच रेशमाला देऊ नका. आधी ती कुठे तुटली ते बघा. खुंटीजवळ तुटली असेल तर भोकाची कड धारदार आहे. घोडीवर तुटली तर घोडीची खाच धारदार आहे. बाचीच्या, म्हणजे नखीच्या, माऱ्याच्या जागी पुन्हा पुन्हा तुटत असेल तर बाचीच्या कडेवरून कापसाचा पुंजका अलगद ओढा. कापूस अडकला तिथे टवका उडालेला आहे. तो घासून गुळगुळीत केल्याशिवाय कोणतीही तार टिकणार नाही.

रेशमी तार तुटण्याआधी पिसारते, तंतू वर येतात. म्हणून चढवतानाच खुंटीवर जादा लांबी गुंडाळून ठेवावी. पिसारली की सैल करा, पिसारलेला भाग घोडीपलीकडे जाईल इतकी खाली ओढा, पुन्हा बांधा आणि उरलेलं टोक कापा. एका वेळी एकच तार काढा.

नवी नायलॉन तार सतत उतरते, यात बिघाड काही नाही. ती ताणली जात असते. सुरात आणा, दांड्याच्या मध्यावर बोटानं हलकेच उचला, परत सुरात आणा; असं चार-पाच वेळा. तरीही उतरत असेल तर टोक घसरतंय. भोकातून काढलेल्या टोकावरून पहिला वेढा घेऊन ते दाबून टाका, आणि खुंटी आत रेटतच पिळा.

जाडी बदलली की पहिल्या तारेची सावारी, आपल्या तंबोऱ्याच्या जवारीसारखी झणझण, बिघडते. ही तार वरच्या मेरूवर टेकत नाही. दांड्याच्या उंचवट्याला जेमतेम स्पर्श करते. दांड्यामागे आझुमा-झावारीचा, म्हणजे सावारी जुळवायचा, स्क्रू असेल तर किंचित किंचित फिरवून झणझण परत येते का बघा, मगच तार बदलायचा विचार करा.

रेशीम ओल शोषतं आणि सूर हलतो, त्यामुळे मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात रोजच्या रियाजाला टेट्रॉन बरं. वाजवून झाल्यावर तारांवरचा घाम कोरड्या फडक्यानं पुसा आणि घोडी काढून ठेवा.