खाजनातल्या उत्परिवर्तित भातात रोपं निवडताना या चुका टाळा

गोव्यातल्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारट शेतात, जनुकीय बदल (उत्परिवर्तन) घडवण्यासाठी गॅमा किरण दिलेल्या बियाण्याची दुसरी पिढी उभी राहिली की डोळा आधी भरगच्च फुटव्यांच्या रोपावर जातो. घोटाळा बहुतेक वेळा तिथेच होतो. कोरगुट या खाजनातल्या स्थानिक भाताच्या एका प्लॉटमध्ये 19 लोंब्यांच्या रोपाला मी मोठ्या हौसेने लाल दोरा बांधला होता. पुढच्या पावसाळ्यात त्याची ओळ लावली, तर ती शेजारच्या साध्या कोरगुटसारखीच निघाली. वहीतला नकाशा काढला तेव्हा उलगडा झाला: त्याच्या दोन्ही बाजूंची रोपं लावणीनंतर मेली होती. मोकळी जागा आणि भरपूर ऊन मिळालं म्हणून ते फुटलं होतं. आता कडेच्या ओळी आणि रिकाम्या जागेलगतची रोपं मी निवडीत धरतच नाही.

खाजनात त्याहून मोठा चकवा मिठाचा. मानशीजवळची (खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराजवळची), बांधाकडची आणि मधल्या खोलगट भागातली माती एकाच शेतात वेगवेगळी खारट असते. कमी खारट कोपऱ्यातलं रोप हिरवंगार दिसतं आणि आपण त्याला क्षारसहनशील ठरवून मोकळे होतो. दर दहा ओळींमागे मूळ वाणाची एक ओळ घाला आणि निवडलेल्या रोपाची तुलना फक्त जवळच्या त्या ओळीशी करा. ईसी मीटर (विद्युतवाहकतेवरून खारटपणा मोजणारं यंत्र) असेल तर रोपावस्थेत आणि फुलोऱ्यात मातीची नोंद घ्या, कारण भात याच दोन टप्प्यांवर मिठाला सगळ्यात जास्त हळवं असतं.

पहिल्या पिढीत, म्हणजे किरण दिलेल्या बियाण्यातून थेट उगवलेल्या रोपांत, निवड करूच नका. तिथला खुजेपणा आणि वांझपणा बराचसा किरणांच्या इजेचा असतो. एकाच रोपाच्या दोन फुटव्यांत वेगवेगळे बदल असू शकतात, म्हणून मुख्य फुटव्याची लोंबी वेगळी ठेवा.

लांब लोंबी म्हणजे जास्त उत्पन्न, हा समजही सोडा. लोंबी काळ्या कागदावर झोडा आणि पोचट दाणे वेगळे काढा. हातभर दिसणाऱ्या लोंबीतले निम्मे दाणे पोकळ निघाले की हिशोब पार बदलतो. उत्पन्न ठरतं ते लोंबी धरणारे फुटवे, लोंबीतले भरलेले दाणे आणि हजार दाण्यांचं वजन या तिन्हींच्या गुणाकारातून. यांतलं दाण्याचं वजन पुढच्या पिढीत बऱ्यापैकी टिकतं. उंची आणि फुलोऱ्याचे दिवसही तसेच. म्हणून या गुणांवर दुसऱ्या पिढीत एकेक रोप निवडता येतं. फुटव्यांची संख्या मात्र जागा आणि खत यांच्यावर फार हलते. तिचा निकाल तिसऱ्या पिढीत, पूर्ण ओळ पाहून लावा.

गव्हावरचे निष्कर्ष जसेच्या तसे भाताला लावणं ही विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत मला वारंवार दिसणारी चूक. गव्हात 42 गुणसूत्रं, तीन जनुकसंच. एका संचातला अप्रभावी बदल बाकीचे दोन झाकून टाकतात. भातात 24 गुणसूत्रं आणि एकच मूळ संच, त्यामुळे असा बदल दुसऱ्या पिढीतच उघडा पडतो. 1967 च्या शरबती सोनोरा या उत्परिवर्तित गव्हात मूळच्या सोनोरा 64 वाणाचा लाल दाणा पिवळसर झाला, पण तो रंगाचा बदल होता. रंग एका दाण्यावरही दिसतो. उत्पन्न तसं दिसत नाही.

आणि वजन करताना घाई नको. गोव्यात ऑक्टोबरची हवा दमट असते. सगळे नमुने 14 टक्के ओलाव्यावर आणूनच तराजूवर ठेवा, नाहीतर पुढच्या हंगामासाठी तुम्ही सगळ्यात ओलं रोप निवडलेलं असेल.