सिव्ह सिक्समध्ये पॉलिसी कार्डं लावताना या चुका टाळा

'सिव्हिलायझेशन सिक्स' या साम्राज्य उभारायच्या कॉम्प्युटर गेममध्ये नवख्यांना नकाशा दिसतो, सैन्य दिसतं. सरकारच्या खणांत फायद्याची कार्डं लावायची ती पॉलिसीची खिडकी मात्र उघडली की कधी एकदा बंद करतोय असं होतं. मग 'सोनं पुरत नाही' हे रडगाणं सुरू.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे कार्ड लावून विसरणं. परवा मामेभाऊ माझ्या शेजारी बसून खेळत होता. आठ शहरं, वसवायला जागा नाही, एकाही शहराच्या बांधणीच्या रांगेत सेटलर (नवं शहर वसवणारं युनिट) नाही आणि आर्थिक खणात अजून 'कॉलनायझेशन'! सेटलरचं उत्पादन 50 टक्के वाढवणारं कार्ड, पण सेटलरच काढायचे नसतील तर 50 टक्के कशाचे? तिथे 'अर्बन प्लॅनिंग' असतं तर शहरामागे एक, म्हणजे दर टर्नला आठ उत्पादन आयतं मिळालं असतं. बोललो तर म्हणे, "दादा, बदलायला सोनं पडतं." अरे, सिव्हिक (संस्कृतीच्या जोरावर लागणारा शोध) पूर्ण होतं त्या टर्नला बदल फुकट असतो! साहेब तेव्हा 'नेक्स्ट टर्न' दाबून मोकळे. सिव्हिकला दोन टर्न उरले की मी प्रत्येक शहराची रांग बघून घेतो. पुढे काय बांधायचंय त्यावर कार्ड ठरतं.

दुसरा घोळ बिल्डरचा. 'इल्कम' कार्डाने बिल्डर (शेतं, खाणी करणारे कामगार) 30 टक्के वेगाने होतात, तर फ्युडलिझम या सिव्हिकसोबत येणाऱ्या 'सर्फडम'ने नव्या बिल्डरला तीनऐवजी पाच कामं मिळतात. फ्युडलिझम तोंडावर आलेलं असताना लोक धडाधड तीन कामांचे बिल्डर काढतात, आणि दर बिल्डरगणिक पुढचा महाग होतो. मी इल्कम लावून बिल्डर एक टर्न उरेपर्यंत आणतो, मग रांगेत दुसरं काही पुढे घेतो. सर्फडम लागलं की सगळे एकदम पूर्ण. सहा शेतं आधीच करून ठेवा, फ्युडलिझम लवकर येतं. एवढा धीर नसेल तर रडू नका.

फेथ (श्रद्धेचे गुण) देणारं 'गॉड किंग' पँथिऑनच्या, म्हणजे पहिल्या धार्मिक वरदानाच्या, 25 फेथपुरतं ठीक, नंतर काढा. 'कॅरव्हान्सरीज' व्यापारी मार्गामागे 2 सोनं देतं, मार्गच नसेल तर शून्य. क्लासिकल रिपब्लिक या सरकारला लष्करी खणच नाही, भांडखोर शेजारी असेल तर विचार करा.

यूट्यूबच्या याद्या बघून 'रॅशनॅलिझम' हे विज्ञान वाढवणारं कार्ड लावणाऱ्यांनो, 'गॅदरिंग स्टॉर्म' या एक्सपान्शनमध्ये त्याचा निम्मा फायदा शहराची लोकसंख्या 15 झाल्यावर आणि निम्मा कॅम्पसची (विज्ञानाच्या विभागाची) ॲडजसन्सी, म्हणजे शेजारच्या जागांमुळे मिळणारा बोनस, +4 असेल तरच मिळतो. सात लोकवस्तीच्या गावाला काय डोंबल मिळणार?

आणि डार्क एजमधलं (साम्राज्याच्या पडत्या काळातलं) 'आयसोलेशनिझम' लावण्याआधी सेटलर वाटेत नाही ना, बघा. ते कार्ड असेपर्यंत नवं शहर वसवता येत नाही.