चुंबक चिकटलं म्हणून स्टील डुप्लिकेट ठरत नाही, ४३० ग्रेडचं स्टेनलेस स्टील घेताना-वापरताना या चुका टाळा

नाशिकच्या भांडी बाजारात हे अजूनही चालतं, गिऱ्हाईक चुंबक काढतं, डब्याला लावतं, चिकटलं की "अहो हे तर लोखंड" म्हणून डबा परत. अरे पण ४३० हे फेरिटिक, म्हणजे लोखंडासारखं चुंबकाला चिकटणाऱ्या जातीचं स्टील आहे, ते चिकटणारच! त्यात क्रोमियम १६ ते १८ टक्के असतं म्हणून ते स्टेनलेसच, फक्त निकेल जवळपास नसतं म्हणून निकेलवाल्या, चुंबक न चिकटणाऱ्या ३०४ ग्रेडपेक्षा स्वस्त पडतं. इंडक्शनच्या भांड्याला तर बुडाशी चुंबक चिकटणारंच स्टील लागतं. उलट २०२ या ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही, त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, आणि लोक ते ३०४ समजून ३०४ च्या भावात आनंदाने घरी नेतात. पत्रा घेणाऱ्यांनी चुंबकाचा नाद सोडून मिलचं टेस्ट सर्टिफिकेट (मालात कोणता धातू किती ते सांगणारा कागद) मागावं आणि त्यातला हीट नंबर, म्हणजे ओतलेल्या घाण्याचा नंबर, मालावरच्या नंबरशी जुळतोय का ते बघावं.

खरा घोळ वेल्डिंगला होतो. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागात ३०४ वर हात बसलेले वेल्डर ४३० च्या पत्र्यावरपण तसंच आरामात, हात हलवत रुंद बीड (वेल्डची पट्टी) मारतात, दिसायला झकास दिसतं, आणि मग पत्रा बेंडिंगला गेला की वेल्डच्या कडेने कट्कन चीर. कारण जास्त हीट गेली की फेरिटिकच्या धातूतले बारीक स्फटिक, म्हणजे दाणे, मोठे होतात, तो भाग ठिसूळ पडतो, आणि एकदा मोठे झालेले दाणे नुसतं पुन्हा तापवून बारीक होत नाहीत. म्हणून अँपिअर कमी, बीड बारीक आणि सरळ, एक पास (वेल्डचा एक थर) झाला की थंड होऊ द्यायचं मग दुसरा. वेल्ड झाकायला लागणारा आर्गन गॅस शुद्धच घ्या, नायट्रोजन किंवा हायड्रोजन मिसळलेला गॅस इथे चालत नाही. फिलर (जोडात वितळवायची तार) ३०९एल ग्रेडचा चालतो. शक्यतो वाकवायचं काम आधी उरकून घ्या आणि जाड प्लेटच्या जॉबला ४३० च्या वाट्याला जाऊच नका.

"स्टेनलेस असून गंजलं" ही तक्रार आली की आधी ग्राइंडर बघा, एमएस (साधं लोखंडी स्टील) घासलेली डिस्क किंवा तारेचा ब्रश तसाच स्टीलवर फिरवला की लोखंडाचे कण रुततात आणि पावसाळ्यात तांबूस ठिपके उठतात. दोष पत्र्याचा नसतो. पण मिसळीची खारट तर्री रात्रभर ४३० च्या पातेल्यात ठेवली किंवा फरशीचं ॲसिड सांडलं तर मात्र खड्डे पडणारच. खारट पदार्थांना ३०४ घ्या, फरशीचं ॲसिड मात्र ३०४ लाही झेपत नाही. वाईनरीच्या टाकीला तर ४३० चा विचारसुद्धा करू नका, सल्फर डायऑक्साइड असतो, तिथे ३०४ आणि वरच्या भागाला ३१६, हा आणखी गंजरोधक ग्रेड.

आणि सायलेन्सर बनवणाऱ्यांनो, त्याला ४०९ ग्रेड असतं, तेही फेरिटिकच, क्रोमियम साधारण ११ टक्के. वरून थोडं गंजल्यासारखं दिसतं, ते त्याचं नॉर्मल आहे, लगेच सप्लायरला फोन लावू नका.