चवथीचा खर्च वर्षभरात वाटून घ्या

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की पगार पुरत नाही, मग उसनवारी किंवा क्रेडिट कार्ड. आपल्या गोव्यात बहुतेक घरांत हेच चालतं. त्यावर साधा उपाय म्हणजे बँकेतलं आवर्ती ठेव खातं, म्हणजे आरडी : दर महिन्याला ठरावीक हप्ता भरायचा आणि मुदत संपली की सगळी रक्कम व्याजासकट घ्यायची.

1. गेल्या चवथीचा खर्च आठवून लिहा : मूर्ती, भटजींची दक्षिणा, कपडे, फटाके, नेवऱ्यांचं (करंज्यांचं) सामान. माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर बांधतात त्या फळाफुलांच्या मांडवीचा, हिशेब मात्र वेगळा मांडा. नारळांचे घड, सुपारीचे घड, तवशी, कवंडळं यांचे एकेकटे भाव किरकोळ वाटतात. पण सगळं पिशवीत पडेपर्यंत बेरीज चांगलीच फुगते, आणि नेमकी तीच कुणी धरत नाही.

2. नोव्हेंबरच्या सुरुवातीला 9 महिन्यांची आरडी उघडा, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला पैसे हातात येतील. खर्च 18,000 असेल तर महिना 2,000 रुपये. हप्ता पगारानंतरच्या दोन-तीन दिवसांत आपोआप कापला जाईल असं ठेवा.

3. मुदत संपल्यावर रक्कम बचत खात्यात जमा करा, अशी सूचना उघडतानाच द्या.

पैसे आधीच हाती असले की मूर्तिकाराला वेळेवर आगाऊ देता येतात, आणि साखर, रवा, तूप गर्दीआधी भरता येतं. मला हा फायदा व्याजापेक्षा मोठा वाटतो.

एक काळजी घ्या : यासाठी पोस्टातली आरडी घेऊ नका, तिची मुदत 5 वर्षांची असते. बँकेतही किमान मुदत किती आणि हप्ता चुकल्यास दंड किती, हे आधी विचारा.