पर्यावरणपूरक राहायला सुरुवात करताय? मग या चुका टाळा

पहिली चूक म्हणजे खरेदी. बांबूचे ब्रश, काचेच्या बरण्या, कापडी पिशव्यांचा ढीग घरात येतो आणि चांगले धडधाकट प्लास्टिकचे डबे कचऱ्यात जातात. अहो, ते डबे बनून झालेत, फुटेपर्यंत वापरा ना!

त्यापेक्षा लाईटबिल काढून बसा. आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळशावर होते, एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एसी १८ वर लावला की खोली लवकर गार होते हा गैरसमज आहे, २४-२५ ठेवा, सोबत पंखा लावा, फिल्टर धुवा. आणि दर उन्हाळ्यात "गॅस कमी झालाय" म्हणून गॅस भरून घेत असाल तर थांबा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, कमी झालाय म्हणजे कुठेतरी लीक आहे, आणि आर-४१०ए सारखा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २००० पट उष्णता धरून ठेवतो. आधी लीक शोधायला लावा, तो बंद झाल्याशिवाय गॅस भरू देऊ नका.

आता ओला कचरा, म्हणजे त्याचं घरीच डब्यात खत करणं. इथे सगळ्यात जास्त लोक हार मानतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण डेपोत दाबला गेलेला ओला कचरा हवेशिवाय सडून मिथेन सोडतो आणि २० वर्षांचा हिशोब धरला तर हा वायू उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट घातक आहे. बाल्कनीतल्या डब्याला वास मारतोय? म्हणजे आत पाणी जास्त आणि हवा कमी. भाजीच्या देठांवर तेवढाच सुका पाला किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) टाका, दोन-तीन दिवसांनी खालीवर करा, डब्याला भोकं आहेत ना ते बघा. अळ्या दिसल्या की लोक घाबरून सगळं फेकून देतात, अजिबात फेकू नका, त्या कचरा खाऊन कामच करतायत, फक्त वरून सुका थर जाड द्या. उरलेली तेलकट भाजी, दही, मटणाची हाडं सुरुवातीला नको. नारळाची करवंटी आणि आंब्याची कोय महिनोन्महिने तशीच राहते, ती वेगळी काढा. उलट काहीच कुजत नसेल तर डबा कोरडा पडलाय, थोडं आंबट ताक पाण्यात घालून शिंपडा. सुका पाला विकत घ्यायची गरज नाही, फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत सोसायटीत जो पाला झाडून जाळतात तोच दोन पोत्यात भरून ठेवा, पावसाळ्यात लागतोच.

गच्चीवर सोलर बसवणार असाल तर पाण्याच्या टाकीची सावली हिवाळ्यात कुठवर येते ते आधी बघा, कारण साध्या इन्व्हर्टरवर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र) एका पॅनेलवर सावली आली तरी त्याला जोडलेल्या पूर्ण रांगेची वीज घटते. पॅनेल धुताना बोअरचं क्षाराचं पाणी नको, पांढरे डाग पडतात. आणि भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी तर बिलकुल मारू नका, सकाळी लवकर धुवा.