कुरळ्या केसांना घरी रंग आणि हायलाइट्स: या चुका टाळा

आखाजी (अक्षय तृतीया) जवळ आली की जळगाव-धुळ्याच्या पार्लरांत मुलींची रीघ लागते. त्यातल्या बऱ्याच जणी रंग लावून घ्यायला नाही, तर घरी लावलेला रंग निस्तरायला आलेल्या असतात, आणि त्यांत कुरळ्या केसांच्या मुली जास्त. बॉक्सवरच्या सूचना सगळ्यांसाठी एकच असतात, पण कुरळा केस तसा नसतो. टाळूवरचं तेल वळणावळणातून टोकापर्यंत उतरत नाही आणि प्रत्येक वळणावर केसाचं वरचं आवरण थोडं उचललेलं असतं. म्हणून मुळाशी केस धडधाकट आणि टोकाला कोरडा, रंग पटकन पिणारा. एकाच डोक्यावर जणू दोन प्रकारचे केस. दोघांना एकच मिश्रण एकाच वेळी फासलं की मुळं फिकट, मधला भाग केशरी आणि टोकं काळपट, असा तीनरंगी प्रकार होतो.

केसात आधीच काय आहे, ते विसरणं

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

शुद्ध मेंदीचा रंग नारिंगी-तांबडा येतो. केस काळेभोर करणारी मेंदी ही नुसती मेंदी नसते; तिच्यात बहुधा पीपीडी हा रासायनिक रंग असतो आणि काही पुड्यांत धातूंचे क्षारही असतात. अशा केसांवर ब्लीच किंवा डेव्हलपर (रंगात कालवायचं पेरॉक्साइडचं द्रावण) पडला की धातूचे क्षार आणि पेरॉक्साइड यांची गाठ पडते. केस गरम होतो, कधी वाफ निघते आणि बट हातात येते. पुडीवर 'हर्बल' लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका, मागच्या बाजूची घटकांची यादी वाचा.

यादी सापडत नसेल तर मानेजवळची, आतली, न दिसणारी एक बारीक बट कापून घ्या. प्लास्टिकच्या वाटीत जे मिश्रण लावणार आहात तेच थोडं कालवा आणि बट त्यात अर्धा तास ठेवा. वाटी गरम लागली, बुडबुडे आले, वास उग्र झाला किंवा बट विचित्र रंगाची झाली, तर तो बेत तिथेच सोडा. काही झालं नाही तर बट धुऊन, वाळवून उजेडात बघा. डोक्यावर कोणता रंग येणार आणि त्याला किती वेळ लागणार, ते तिथेच कळतं.

दुसरा गैरसमज असा की काळ्या डायवर ब्राऊनचा बॉक्स लावला की केस ब्राऊन होतात. होत नाहीत. लावलेला रंग दुसऱ्या रंगाने उतरत नाही. फक्त नवीन उगवलेली मुळं ब्राऊन होतात आणि खाली काळा पट्टा तसाच राहतो.

पॅच टेस्ट तर बहुतेक जणी करतच नाहीत. 'काकूला चालला, मला का नाही चालणार?' किंवा 'मागच्या वर्षी मला काही झालं नव्हतं' या दोन्ही बोलण्यांना अर्थ नाही. पीपीडीची ॲलर्जी पूर्वी वापर चालला असला तरी पुढे कधीही उद्भवू शकते. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं मिश्रण लावा आणि ४८ तास थांबा. खाज, लाली, सूज यांपैकी काहीही आलं तर तो रंग तुमच्यासाठी नाही.

आपलं ऊन आणि बोअरचं पाणी

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. उष्णतेत ब्लीच भराभर काम करतं आणि टाळूजवळ तर शरीराचीही ऊब असते. म्हणून मुळाशी आधी लावलेलं मिश्रण तिथला केस सगळ्यात फिकट करतं आणि डोक्यावर पिवळी कड दिसू लागते. हे काम भर दुपारी करूच नका, सकाळी लवकर करा. मात्र कूलरच्या झोतासमोरही बसू नका. वाऱ्याने मिश्रण वाळतं आणि वाळलेलं ब्लीच काम करायचं थांबतं. मग अर्ध्या बटा उजळतात आणि अर्ध्या तशाच राहतात.

खानदेशात कितीतरी घरांत डोकं बोअरच्या पाण्याने धुतात. बादलीच्या कडेला आणि हीटरच्या रॉडवर पांढरी खरपुडी धरत असेल तर तेच कॅल्शियम-मॅग्नेशियम केसांवरही बसतं. त्या थरावर रंग सारखा धरत नाही, केस राठ लागतो आणि कर्ल सुटा होत नाही. रंगाच्या दोन-तीन दिवस आधी जड पाण्याचा थर काढणाऱ्या, म्हणजे चिलेटिंग, शाम्पूने एकदा धुवा. तो मिळाला नाही तर क्लॅरिफायिंग, म्हणजे साचलेला थर खोलवर धुऊन काढणारा, शाम्पू घ्या, त्यानेही थोडा फरक पडतो. रंगाच्या दिवशी शेवटचं धुणं आरओच्या किंवा जारच्या पाण्याने केलं तर फरक हाताला जाणवतो.

हायलाइट्स करताना

कुरळे केस विंचरून सरळ करायचे, टोपी घालायची आणि भोकांतून बटा ओढायच्या, ही पद्धत आपल्या केसांसाठी नाहीच. वाळल्यावर कर्ल वर आखडतो आणि हायलाइट भलत्याच जागी येतो, कुठे आतच दडतो. केस धुऊन, नेहमीसारखे कर्ल पाडून, पूर्ण वाळवून मग आरशासमोर बसा आणि ज्या बटा उजेडात पुढे येतात त्या निवडा. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या आणि भांगाजवळच्या वरच्या थरातल्या मोजक्या बटा पुरतात. एकेका कर्लवर ब्रशने वरून खाली मिश्रण लावत जा आणि मुळाशी बोटाच्या पेराएवढी जागा सोडा. मधल्या भागाला आधी लावा, टोकांना शेवटच्या काही मिनिटांत.

डेव्हलपर २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड, याच्या वर घरी जाऊ नका. ३० आणि ४० व्हॉल्यूम, म्हणजे ९ आणि १२ टक्के, कुरळ्या केसाची वळणंच सैल करतात, आणि गेलेलं वळण धुऊन परत येत नाही, नवीन केस येईपर्यंत थांबावं लागतं. दर पाच मिनिटांनी एका बटेवरचं मिश्रण पुसून बघा. पुडीवर लिहिलेली वेळ ही कमाल मर्यादा आहे, तिच्या पुढे एक मिनिटही नाही.

चेहऱ्याचं ब्लीच केसांना लावू नका. ते बारीक लवेसाठी असतं. डोक्याच्या केसावर त्याने धड उजळपणा येत नाही, कोरडेपणा मात्र येतो. कालवायला धातूचं भांडं नको. उरलेलं मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नका, आत वायू साचून बाटली फुटू शकते. केस सरळ-मऊ करणारं स्मूदनिंग किंवा केराटिन करून घेतलं असेल तर ब्लीचचा विचार सध्या सोडा.

आपला काळा केस उजळताना आधी लालसर, मग केशरी, मग पिवळा होतो. घरी तांबूस किंवा मधाळ छटेवर थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ती छटा आपल्या रंगाला शोभते आणि केसही शाबूत राहतो. राखाडी किंवा सोनेरी केस हवे असतील तर कुरळ्या केसांचं काम येणाऱ्या माणसाकडेच जा, त्याआधी त्याने केलेल्या कुरळ्या केसांचे फोटो मागून बघा.

बिघडलंच तर

घरात आजीने बघून 'हाई काय करी टाकं व माय!' म्हटलं की लगेच दुसरा बॉक्स फोडायची घाई होते. तीच घाई सगळ्यात महागात पडते. आधी एक ओला केस दोन बोटांत धरून हलकेच ताणा. ताणून सोडल्यावर जागेवर आला तर पुढचं बघता येईल. च्युइंगमसारखा लांबत गेला किंवा ताणताच तुटला, तर महिनाभर तरी कुठलंच रसायन नको, फक्त कंडिशनर आणि मास्क.

केस धड असेल आणि रंग भडक केशरी असेल तर निळ्या छटेचा टोनर (नको असलेली छटा मारणारा हलका रंग) किंवा शाम्पू वापरा, पिवळा असेल तर जांभळ्या छटेचा. यात अदलाबदल करू नका. केशरीवर जांभळा लावून काही साधत नाही. मुळं फार फिकट झाली असतील तर त्यांच्यावरच खालच्या रंगाच्या जवळचा, अमोनिया नसलेला रंग लावा. रंग फार गडद आला तर क्लॅरिफायिंग शाम्पूने दोन-तीनदा धुवा, तो थोडा उतरतो. त्यावर ब्लीच घालू नका.

लावताना टाळू जळजळायला लागली तर वेळ पूर्ण व्हायची वाट बघू नका, लगेच साध्या पाण्याने धुऊन टाका. पापण्या किंवा चेहरा सुजला तर सरळ दवाखाना गाठा. भुवयांना आणि पापण्यांना हे रंग कधीच लावू नका.

नंतरची निगा

पहिले दोन-तीन दिवस शाम्पू नको. पुढेही सल्फेट नसलेला शाम्पू आणि कोमट-थंड पाणी. जळगाव म्हणजे केळ्यांचं आगर, त्यामुळे 'केळं कुस्करून लाव' हा सल्ला घरोघरी मिळतो. कुरळ्या केसांत केळ्याचे तंतू आणि बारीक गुठळ्या अशा अडकतात की त्या काढता काढता ब्लीच केलेला केस तुटतो. केळं खा, डोक्यावर नको. त्यापेक्षा डोकं धुण्याआधी तासभर केसांच्या लांबीला खोबरेल तेल लावा. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रथिनं कमी निघून जातात. हे २००३ साली भारतीय संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं आहे. सूर्यफुलाच्या तेलाने तो परिणाम मिळाला नव्हता.

केस जुन्या सुती टी-शर्टने टिपा, टॉवेलने घासू नका. गुंता ओल्या, कंडिशनर लावलेल्या केसांतच बोटांनी सोडवा. स्कूटीवर बाहेर पडताना सुती रुमाल आवळून बांधा, कारण कडक उन्हात उजळलेल्या बटा आणखी पिवळ्या पडतात. पुन्हा रंगाची वेळ येईल तेव्हा मिश्रण फक्त नव्याने वाढलेल्या केसाला लावा. आधी उजळलेल्या भागावर ते पुन्हा चढलं तर बट नेमकी त्या जोडावर तुटते.