पीतज्वराच्या डॉक्टरांची पत्रं कशी वाचावीत

मी पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतरही जुने विद्यार्थी येतात, आणि त्यांतल्या एखाद्याला वैद्यकाच्या इतिहासाचं वेड लागलेलं असतं. तो विचारतो, "मॅडम, यलो फीवरवाल्यांची पत्रं वाचायचीत, सुरुवात कुठून करू?" दर वेळी तेच सांगते, ते एकदा लिहून टाकते.

पत्रं मिळणं अवघड नाही. व्हर्जिनिया विद्यापीठानं फिलिप हेंच यांचा संग्रह स्कॅन करून फुकट वाचायला ठेवलाय. हेंच मेयो क्लिनिकचे संधिवाततज्ज्ञ, कॉर्टिसोनवरच्या कामासाठी १९५० चं नोबेल मिळालेले. पण दुसरीकडे, क्यूबात पीतज्वर कसा पसरतो ते शोधणारे अमेरिकी लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड आणि त्यांचे सहकारी यांची पत्रं जमवण्याचा त्यांना नाद होता. हयात असलेल्या प्रत्येकाला ते प्रश्न विचारून भंडावत. १९६५ मध्ये ते वारले आणि कागद रीड जिथे शिकले त्याच व्हर्जिनिया विद्यापीठात गेले.

कागद हजारो आहेत. शोधायच्या चौकटीत नुसतं रीडचं नाव घातलंत की महापूर येतो आणि पोरं दोन दिवसांत कंटाळतात. म्हणून आधी काळ बांधून घ्या: ऑगस्ट ते डिसेंबर १९००. बाकीचं सगळं नंतर.

मग एक साधी वही घ्या. हो, वहीच; एक्सेलमध्ये माणूस भरत जातो, विचार करत नाही. पाच रकाने आखा. तारीख, कुठून, कोणी कोणाला, बातमी तारेनं आली की टपालानं, आणि पाचवा, सगळ्यात रुंद: त्या दिवशी लिहिणाऱ्याला काय माहीत होतं. पत्रातला मजकूर उतरवायची गरज नाही, तो पडद्यावर आहेच. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी कागद वाचणाऱ्यांना पाहिलंत तर कळेल, ते मजकुरात शिरण्याआधी तारीख आणि माणसं पक्की करतात. आपण डॉक्टर लोक मात्र थेट निदानावर उडी मारतो.

आता एक नमुना करून पाहू.

पात्रं चार: मेजर वॉल्टर रीड, जेम्स कॅरोल, अरिस्टिडीस अग्रामोंटे आणि जेसी लाझीअर. मुक्काम हवानाजवळच्या केमाडोसची लष्करी छावणी, कोलंबिया बॅरॅक्स. डासामुळे हा रोग पसरतो असं हवानाचे डॉ. कार्लोस फिनले १८८१ पासून सांगत होते, पण ते सिद्ध व्हायचं होतं. १९०० च्या ऑगस्टमध्ये रीड वॉशिंग्टनला गेले होते, टायफॉइडचा एक अहवाल पुरा करायला. २७ ऑगस्टला लाझीअरनं कॅरोलला डास चावू दिला. त्या डासानं बारा दिवसांपूर्वी एका रुग्णाला चावा घेतला होता, आणि तो रुग्ण आजाराच्या दुसऱ्या दिवशी होता. कॅरोल आजारी पडला, मरता मरता वाचला.

आता ७ सप्टेंबरचं रीडचं पत्र उघडा, कॅरोलला लिहिलेलं. सुरुवातीलाच आरोळी: हिप हिप हुर्रे! क्यूबाहून बातमी आलीय की कॅरोल सुधारतोय. आता मी बाहेर जाऊन झिंगेपर्यंत पिणार, असं हा शिस्तीचा लष्करी डॉक्टर लिहितो. पान उलटा. मागे एकच प्रश्न: डासानंच केलं का हे?

लगेच शेजारी ८ सप्टेंबरचं पत्र ठेवा. लाझीअर क्यूबातून बायकोला, मेबलला लिहितोय. खऱ्या जंतूच्या मागावर आहोत असं वाटतंय, पण कुठे बोलायचं नाही, सूचकसुद्धा नाही, मी कुणालाही सांगितलेलं नाही.

एका दिवसाच्या अंतरानं दोन माणसं, मध्ये समुद्र. एकाकडे प्रश्न आहे, दुसऱ्याला वाटतंय की उत्तर आपल्या हाताशी आलंय, आणि ही पत्रं त्या दोघांनी एकमेकांना लिहिलेली नाहीत. पाचवा रकाना भरायचा तो हा. रीडला ७ तारखेला कॅरोलची तब्येत माहीत होती, कारण तार आली होती; छावणीत प्रत्यक्ष काय चाललंय ते टपालानंच कळणार होतं. म्हणून चौथा रकाना. तार आणि टपाल यांत गल्लत केलीत की लोक भविष्य जाणत होते असं वाटायला लागतं.

पुढची नोंद वहीत तुम्हीच कराल: १८ सप्टेंबरला लाझीअर आजारी, २५ ला मृत्यू, वय ३४. मेबलला लिहिलेलं पत्र परत काढून वाचावंसं वाटेल. वाचा, पण ८ तारखेच्या रकान्यात २५ तारखेचं काही लिहू नका. हा नियम मी फार कडकपणे पाळायला लावते. मुलं म्हणतात, "मॅडम, त्याला चाहूल लागली होती." नव्हती लागली. पत्रात उत्साह आहे, बाकी तुम्ही घालताय.

दुसरं काम म्हणजे कागदांचे दोन गठ्ठे करणं. त्या वेळची पत्रं एकीकडे, नंतर आठवून लिहिलेली दुसरीकडे. हेंच यांचा पत्रव्यवहार बहुतेक दुसऱ्या गठ्ठ्यातला: स्वतःला डास चावून घेणारे स्वयंसेवक जॉन मोरान आणि जॉन किसिंजर, रीडचे मित्र जेफरसन रँडॉल्फ कीन, छावणीतले डॉक्टर अल्बर्ट ट्रूबी. म्हातारी झालेली माणसं, मध्ये पस्तीस-चाळीस वर्षं गेलेली, आणि त्या काळात गोष्टीची दंतकथा झालेली. एकाच प्रश्नाची उत्तरं जुळत नाहीत. हेंच यांची खरी कसब इथे दिसते. ते तोच प्रश्न वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारतात, नकाशे काढून मागतात, आणि कोणालाही खोटं पाडत नाहीत. प्रयोगाची छावणी, कँप लाझीअर, नेमकी कुठे होती हेच विस्मरणात गेलं होतं. तिची जागा त्यांनी असंच विचारून-विचारून शोधली. इतिहास लिहायचा असेल त्यानं रीडची पत्रं वाचावीत. चौकशी शिकायची असेल तर हेंचची. मला स्वतःला हेंचची जास्त आवडतात, जरी ती लांबलचक असतात.

दोन गठ्ठे का, ते लाझीअरच्या मृत्यूवरून कळतं. अधिकृत हकीगत अशी की १३ सप्टेंबरला लास अॅनिमास रुग्णालयात एक भटका डास त्याच्या हातावर बसला आणि त्यानं तो हाकलला नाही. पुष्कळ इतिहासकारांना मात्र वाटतं की त्यानं मुद्दाम स्वतःवर प्रयोग केला. इथे नंतरचं कुठलंही पत्र पुरावा म्हणून वापरताना शेजारी लिहा: हा माणूस स्वतः तिथे होता का? होता, तर हे तो किती वर्षांनी सांगतोय?

पत्र कोणाला आहे यावरही सूर बदलतो, आणि रीडइतका कुणाचा बदलत नाही. वरिष्ठांना लिहिताना तो मोजून-मापून शब्द वापरतो. बायकोला, एमिलीला, ९ डिसेंबर १९०० ला लिहितो तेव्हा बांध फुटलेला असतो. आदल्या दिवशी किसिंजरला ताप आला होता, प्रयोग यशस्वी झाला होता. घटसर्पाचं अँटिटॉक्सिन आणि कॉखनं शोधलेला क्षयाचा जंतू सोडले, तर एकोणिसाव्या शतकातलं हे सर्वांत महत्त्वाचं काम ठरेल, असं तो बिनधास्त लिहून जातो. ३१ डिसेंबरचं पत्र मध्यरात्रीला, म्हणजे जुनं शतक संपायला, दहा मिनिटं असताना लिहिलेलं आहे. ते लोक १९०१ पासून नवं शतक मोजत होते, हे ठाऊक नसेल तर ते पत्र वाचताना गोंधळ होतो. ९ तारखेच्या पत्रावरून रीडला गर्विष्ठ ठरवू नका. आपल्या घरच्या माणसाशी बोलताना कोण विनय पाळतो?

आणि ज्यांची पत्रं नाहीत त्यांच्यासाठी वहीत एक पान कोरं सोडा. प्रयोगात स्पेनहून नुकतेच आलेले मजूरही होते. त्यांच्यापैकी अँतोनियो बेनिनो याच्याशी झालेला २६ नोव्हेंबर १९०० चा करार संग्रहात आहे: सोन्याच्या नाण्यांत शंभर डॉलर, आणि ताप आलाच तर आणखी शंभर. लेखी संमतीची ही फार जुनी नोंद, म्हणून वर्गात कौतुकानं दाखवतात. पण बेनिनोला काय वाटलं ते सांगणारं त्याचं पत्र तुम्हाला तिथे सापडणार नाही. तेव्हा करार वाचताना डॉक्टरांच्या बाजूनंच सगळं ऐकतोय याचं भान ठेवा.

पुण्याचा यात काय संबंध, असं हमखास विचारतात. संबंध आहे. पीतज्वर पसरवणारा एडीस डास आपल्या कुंड्यांच्या ताटल्यांत पैदास करतोच. भारतातली ऱ्हीसस माकडं या विषाणूला बळी पडतात हे १९२७ च्या सुमारास पश्चिम आफ्रिकेतल्या कामातून कळलं होतं. रोग मात्र इथे कधी आला नाही. १९५२ मध्ये आयसीएमआर आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर काढलं, आजचं एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था. १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या जंगलात माकडं मरू लागली, तेव्हा पहिली शंका पीतज्वराचीच आली. निघाला गोचिडांमुळे पसरणारा वेगळाच विषाणू, क्यासनूर फॉरेस्ट डिसीजचा. त्या पिढीत या केंद्रात काम केलेल्यांची घरं पुण्यात आहेत, आणि काही माळ्यांवर पत्रांचे गठ्ठे नक्की असणार.

असा गठ्ठा हाती आला तर लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल हलक्या हातानं काढा. पाकिटं फेकू नका, पोस्टाचा शिक्का हीच कधीकधी एकमेव तारीख असते. कागदावर काही लिहायचंच तर पेन्सिलीनं, कोपऱ्यात. पावसाळ्यात गठ्ठा उघडू नका. आधीच कसर लागलेली असते, त्यात दमट हवा. फोटो खिडकीच्या उजेडात काढा, फ्लॅश नको, आणि पान पाठपोट काढा (रीडचा प्रश्न मागच्या बाजूलाच होता). घरातल्या थोरांना पत्रातली टोपणनावं आत्ताच विचारून घ्या. आणि कुणाला दाखवण्याआधी रुग्णांची नावं झाका. डॉक्टर गेले तरी रुग्णाची नातवंडं याच शहरात असू शकतात.